फुलीवरचं झुडूप

दादांच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी चित्र यायचं. चित्र तसं बैठकीच्या भिंतीवर कायमचंच होतं, पण पाहुणा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच दादा त्याला उठवून चित्रासमोर उभं करत, आणि स्वयंपाकघरातून काकू ओरडत, "अहो, बसू तरी द्या त्यांना!" सगळा गाव त्यांना दादा म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. हे नातं कसं लागतं, याचा विचार कुणी केलेला नव्हता.

चित्र अर्धी भिंत खाणारं होतं. लांबवर डोंगरांची रांग, मधे दरी, दरीत संध्याकाळचं धुकं, अलीकडे गवताळ उतार आणि उतारावर एक दाट झुडूप.

"काय दिसतं?" दादा विचारत.

"डोंगर," पाहुणा बिचारा म्हणे.

"डोंगर काय, कुणालाही दिसेल. भाव काय आहे ते सांगा."

पाहुण्याची ततपप झाली की दादा खूश होत आणि स्वतःच सांगायला लागत. उजेड बघा, डोंगराच्या खांद्यावर येऊन थांबलाय, दरीत उतरत नाही. म्हणजे दिवसाने हात टेकले. धुकं म्हणजे बोलायचं राहून गेलेलं. झुडूप म्हणजे एकटेपण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या चित्रात माणूस नाही. "मुद्दाम ठेवलेला नाही. माणूस आला की लोक माणूस बघतात, चित्र बघतच नाहीत." रविवारी वाचनालयात ते 'चित्र कसं बघावं' असा वर्ग घेत, तिथेही गाडी फिरून फिरून याच चित्रापाशी येई. लोक माना डोलवत. दादा बोलायचे फार छान, हे त्यांचे वैरीही मान्य करत.

हे चालू असताना काकू चहाचे कप जरा जास्तच जोरात टेबलावर आपटत. कारण या चित्रात माणूस होता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो बघितलेला होता.

एके काळी दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून चित्रं काढत. दवाखाने, लॉज, कचेऱ्या, जिथे लोकांना ताटकळत बसावं लागतं तिथल्या भिंतींसाठी मोठमोठी निसर्गचित्रं. जमीन, झाडं, पाणी आणि आभाळ दादांचं, माणसं धाकट्याची. दादांनी माणूस काढला की तो विजेच्या खांबासारखा दिसे. धाकट्याला झाड येत नसे, आणि त्याचं त्याला काडीचंही दुःख नव्हतं. गावात एकाला डोंगरवाले म्हणत आणि दुसऱ्याला माणसंवाले.

त्यांची कामाची एक रीत होती. आधी दादा सगळा निसर्ग पुरा करायचे. बघितल्याशिवाय एक पान काढायचं नाही, हा त्यांचा नियम. एका बाभळीसाठी घडीचं स्टूल घेऊन दिवसच्या दिवस माळावर बसत, ऊन डोक्यावर आलं तरी हलत नसत. चित्र वाळलं की जिथे माणूस हवा तिथे खडूने बारीकशी फुली मारून ठेवत. मग धाकटा येई, फुलीवर माणूस काढी आणि हात पुसत निघून जाई. फुलीला तो 'माझी जागा' म्हणायचा. "दादा, माझी जागा या खेपेला फार कोपऱ्यात दिलीस," अशी त्याची थट्टा चाले.

आणि लोकांचा डोळा त्या कोपऱ्यावरच जायचा, त्याला कोण काय करणार? एका दवाखान्याच्या उद्घाटनाला डॉक्टरांच्या आई चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि गालावर हात ठेवून म्हणाल्या, "अगंबाई, ही म्हातारी बघा! कमरेवर हात ठेवून उभी आहे, अगदी आमच्या आत्याबाई!" झालं. आत्याबाई बघायला रांग लागली. धाकट्याचा हात हलवून हलवून लोकांनी त्याला भंडावून सोडलं. त्या म्हातारीमागच्या ओढ्यासाठी दादांनी अख्खा हिवाळा घातला होता. ओढ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

 घरी आल्यावर बूटही न काढता दादांनी विचारलं, "तुझ्या म्हातारीच्या मागे काय आहे, सांग."

"मागे?" धाकटा हसला. "डोंगर असेल. तुझा डोंगर असतोच की."

"ओढा आहे. आणि हसतोस काय? माझं एक तरी चित्र कधी उभं राहून बघितलंयस? यायचं, फुलीवर माणूस चिकटवायचा आणि पळायचं. मी तिथे काय केलंय, कशासाठी केलंय, कधी मान वर करून बघितलंस?"

"अरे दादा, असं काय करतोस..."

"आजपासून माझ्या चित्रात तुझी माणसं नकोत."

बोलून तर गेले. दुसऱ्या दिवशी धाकटा हसत येईल आणि आपण कुरकुरत माफ करू, असा दादांचा अंदाज असावा. पण धाकट्याने या वेळी हसण्यावारी नेलं नाही. परगावच्या शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची नोकरी चालून आली होती, ती त्याने धरली. बायको आणि पाळण्यातली मुलगी घेऊन तो निघाला, त्या दिवशी दादा मुद्दामच सकाळपासून माळावर जाऊन बसले. परत आले तर कामाच्या खोलीत टर्पेंटाइनचा ताजा वास होता. तिथे डोंगराचं मोठं चित्र उभं होतं. भांडणाच्या आधी त्यावर दादांनी स्वतःच फुली मारून ठेवली होती. त्या फुलीवर आता माणूस होता. निळ्या शर्टातला, पाठमोरा, एक हात वर केलेला.

दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत धाकट्याने कधी पाठमोरा माणूस काढला नव्हता. पाठ ही काय काढायची गोष्ट आहे, असं तोच म्हणायचा. दादांनी चित्राचा अर्थ तिथल्या तिथे लावला. "पाठ दाखवून गेला. वर हात हलवून चाललो म्हणतोय. निर्लज्ज!"

काकू पदराला हात पुसत मागे उभ्या होत्या. "अहो, जरा नीट बघा ना. हात हलवतोय कुठे? आणि निघालेला माणूस असा रिकाम्या हाताने, पाय रोवून कशाला उभा राहील?"

"चित्र कसं वाचायचं ते आता तू मला शिकव," दादा म्हणाले आणि त्यांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

राग वाळेल असं काकूंना वाटलं होतं. वाळला तो फक्त रंग. मग एक दिवस दादांनी चित्र फिरवलं, मोठा ब्रश घेतला आणि त्या माणसावर झुडूप चढवलं. बाहेर गेले नाहीत, स्टूल उचललं नाही, एकही पान बघितलं नाही. काकूंनी आणून ठेवलेला चहा निवायच्या आत झुडूप तयार झालं होतं. दादांच्या हातून न बघता उतरलेलं ते एकमेव झाड.

पुढे वर्षं गेली. धाकट्याकडच्या लग्नकार्यांना काकू एकट्या जाऊन येत. दादांची तब्येत नेमकी त्याच दिवशी बिघडे. धाकटाही कधी आला नाही. काकू तिकडचं काही सांगायला लागल्या की दादा रेडिओचा आवाज वाढवत. चित्राचा अर्थ मात्र दर पाहुण्यागणिक वाढत गेला. झुडपाला एकटेपण चिकटलं, धुक्याला अबोला चिकटला, आणि हळूहळू दादांचाच त्यावर विश्वास बसला. माणूस आपण मुद्दाम ठेवला नाही, हे ते इतक्यांदा बोलले होते की माणूस होता ही गोष्टच त्यांच्या मनाच्या अडगळीत गेली.

तेव्हा पाळण्यात असलेली पुतणी एका सकाळी दारात उभी राहिली. आता तिचेच केस कानशिलांपाशी पिकायला लागले होते. दादांनी तिला आधी ओळखलंच नाही. ओळख पटल्यावर काय बोलावं ते सुचेना, म्हणून सवयीने त्यांनी तिला चित्रासमोर नेऊन उभं केलं आणि सुरुवात केली. उजेड, दरी, धुकं. "आणि बघ, माणूस नाही. मुद्दामच ठेवलेला नाही."

पुतणी वाकून बघत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने चित्र बघितलं, मग पुन्हा मागे आली.

"मोठे काका, पण यात बाबा कुठे आहेत?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"बाबा आता अंथरुणावरच आहेत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे कळलंच तुम्हाला. त्यांनी माझ्याकडे एकच मागितलंय. दादाकडे जा आणि त्या डोंगराच्या चित्राचा फोटो काढून आण, मी त्यात आहे. म्हणून आले. हेच ना ते चित्र?"

"हेच," काकू दारातून म्हणाल्या. 

"मग?"

"तो आणखी काय म्हणाला?" दादांनी विचारलं.

"म्हणाले, दादाची तक्रार होती की मी त्याचं चित्र कधी उभं राहून बघत नाही. आणि ती खरी होती. निघायच्या दिवशी त्यांना चुकलो म्हणायचं होतं, पण तुम्ही घरी नव्हता. असता तरी तोंड उघडलं नसतं म्हणाले. मग ते चित्रासमोर उभे राहिले, आईने दोनदा हाक मारली तरी हलले नाहीत. आणि जसे उभे होते तसंच स्वतःला फुलीवर काढलं, डोळ्यांवर हाताची सावली धरून तुमचा डोंगर बघताना." ती जराशी हसली. "मी विचारलं, काकांना कळलं का हे? तर म्हणाले, न कळायला काय झालं, दादा चित्रं वाचतो."

 दादांनी चित्राच्या चौकटीला हात घातला. "धूळ बसलीये चित्रावर," ते म्हणाले. "जरा साफ करून आणतो. तोवर तुम्ही दोघी जेवून घ्या." काकूंनी पुढे होऊन चित्राचं दुसरं टोक धरलं, कारण एकट्याला ते उचलवणारं नव्हतं. कामाच्या खोलीत चित्र टेकवून काकू काही न बोलता परत गेल्या. इतक्या वर्षांत एकदा तरी 'मी सांगत होते' म्हणायचा हक्क त्यांना होता. तो त्यांनी त्या दिवशी वापरला नाही, आणि दादांना तेच जास्त लागलं.

त्यांनी कापसाच्या बोळ्याला टर्पेंटाइन लावून झुडूप पुसून बघितलं. बोळा नुसता मळला. एवढा जुना तेलरंग टर्पेंटाइनला कसली दाद देतोय? मग त्यांनी रंगाची बारीक सुरी घेतली आणि झुडपाची एक कड खरवडली.  हिरवा रंग खपलीसारखा निघाला आणि खाली निळं दिसलं, नखाएवढं. शर्टाची बाही. कोपराची घडी पडते ना, बरोबर तिथली. हात वर होता, पण कोपर बाहेर वळलेलं होतं. कुणाला निरोप देताना हात असा धरतच नाहीत. उन्हात लांबचं बघताना धरतात. स्वतः दादा आयुष्यभर माळावर असाच हात धरून बसले होते.

त्यांनी बाजूला आणखी थोडं खरवडलं, आणि हिरव्याबरोबर निळंही सुटून आलं. त्याखालचा उतारही सुटला आणि पांढरं कापड दिसायला लागलं. दादांनी सुरी खाली ठेवली. झुडूप काढायचं तर भाऊही जाणार होता.

मग त्यांनी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर पाठमोरा माणूस काढून बघितला. तो जमला तर झुडपावर पुन्हा चढवू, फोटोत काय कळतंय, असा त्यांचा बेत. खांबच झाला. दुसरा काढला, तोही खांब. भावाची पाठ कशी होती हे त्यांना आठवतच नव्हतं. भावाने आपलं चित्र बघितलं नाही म्हणून ते जन्मभर धुमसत होते, आणि त्यांनी स्वतः भावाचा एक माणूस तरी धड बघितला होता का? लाज वाटून त्यांनी तो पुठ्ठा उलटा केला.

दार ढकलून काकू आणि पुतणी आत आल्या. सुरी, बोळे, खपल्या सगळं समोरच पडलं होतं.

"तुझे बाबा झुडपाखाली आहेत," दादा म्हणाले. "मी झाकलं त्यांना. मला वाटलं, पाठ दाखवून गेला."

 पुतणीचे डोळे भरले, मग त्यात राग आला, मग तोही ओसरला. "मी त्यांना काय सांगू आता?" ती म्हणाली.

"फोटो काढ. आहे तसा काढ."

"फोटो मी दाखवीन. पण हे मी सांगणार नाही, मोठे काका. हे तुम्ही सांगायचं. मी फोन लावून देईन, तुम्ही बोला. फार दिवस नाहीत त्यांच्याकडे."

"बोलतो," दादा म्हणाले. "नक्की बोलतो."

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. दादांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. काय बोलायचं ते त्यांनी मनात घोळवून घोळवून अगदी लहान करून ठेवलं. झुडूप मी रागात काढलं, न बघता काढलं, त्याच्याखाली तू आहेस, माझं चुकलं. बाकी कशाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा काकूंनी तो उचलून सरळ दादांच्या हातात दिला. पुतणी म्हणाली, "देते हं." मग कुणाच्या तरी श्वासाचा आवाज आला, आणि मग आवाज आला. म्हातारा झाला होता, पण त्याचाच.

"दादा."

"बोल रे," दादा म्हणाले.

"चित्र बघतोय. पोरीने फोनवर मोठं करून दिलंय. सकाळपासून बघतोय."

"ऐक, मला तुला..."

"ते झुडूप रे." धाकट्याला एका दमात बोलवत नव्हतं. "काय पानं आहेत! मला आपलं झाडातलं कधी काही कळलं नाही. पण हे झुडूप बघतच राहावंसं वाटतं. कुठे बसून काढलंस?"

 न बघता काढलं, एवढंच म्हणायचं होतं. पण पलीकडचा आवाज इतका खूश होता. उभी हयात दादांनी या एका प्रश्नाची वाट बघितली होती. आत्याबाईंच्या त्या दवाखान्यात, कितीतरी लॉजच्या पायऱ्यांवर, भाऊ कधीतरी वळेल आणि विचारेल, दादा, हे कुठे बसून काढलंस?

"उतारावर," दादा म्हणाले. "तिथेच, उतारावर बसून."

"वाटलंच मला. न बघता तू काही काढत नाहीस." जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "आणि त्यात ते एवढंसं निळं फूल ठेवलंयस ना मधेच. ते तर फार आवडलं. ते राहू दे हं. पुसू नकोस."

 आपल्या शर्टाचा निळा रंग धाकट्याने स्वतः कालवलेला होता. आपली फुली कुठे होती हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते फूल नाही, हे त्याला कळलं नसेल असं होणंच शक्य नव्हतं.

"ठेवू आता? दम लागतो," धाकटा म्हणाला. "बघितलं बरं का, दादा. नीट बघितलं."

फोन ठेवल्यावर काकूंनी विचारलं, "सांगितलंत?"

दादांनी मान हलवली. नाही.

"आणि माणसाचं काय म्हणाले भावजी?"

"विचारलंच नाही त्याने," दादा म्हणाले, आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले.

धाकटा त्याच आठवड्यात गेला. या वेळी दादांची तब्येत बिघडली नाही. ते गेले, पण तिथे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वाचनालयाचा वर्ग त्यांनी बंद केला. पाहुणा आला की आता आधी चहा येतो. चित्र आहे तिथेच आहे, पण दादा कुणाला उठवत नाहीत. मध्यंतरी वीजमंडळाचे एक निवृत्त साहेब आले होते. चहा संपवून ते आपणहून चित्रापाशी गेले. त्यांनी वाचनालयात कधीतरी दादांचं भाषण ऐकलं होतं आणि ते लक्षातही ठेवलं होतं.

"माणूस मुद्दाम ठेवलेला नाही यात, नाही का?" ते कौतुकाने म्हणाले. "आणि हे निळं फूल?"

"फूल नाही ते," दादा म्हणाले. "माझा भाऊ आहे. डोंगर बघतोय."

साहेबांनी चित्राकडे बघितलं, दादांकडे बघितलं, आणि हे काहीतरी खोल असणार असं समजून मान डोलावली. मग काहीतरी चांगलं बोलायला हवं म्हणून म्हणाले, "पण झुडूप काय जिवंत काढलंय हो!"

"ते मी न बघता काढलंय," दादा म्हणाले.

फोनवर बोलायचं ते वाक्य हेच होतं. साहेबांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि निघायची परवानगी मागितली.